लाकडी अंगाची मॉरिस: अर्धवट दुरुस्त केलेली ट्रॅव्हलर घेऊन रस्त्यावर आणेपर्यंत

८ जून २०२४ ला आमची १९६७ सालची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची इथली तपासणी, पास झाली. त्याआधीची तिची शेवटची एमओटी २०१४ मधली. आम्ही घेतली तेव्हा ती अर्धीच दुरुस्त झालेली होती. उजवी बाजू नव्या लाकडाची, डावी जुनीच, इंजिन केलेलं, ब्रेकचं काम निम्मं, आणि सुट्या भागांची खोकी गाडीच्या आतच रचलेली. अशी गाडी घ्यायची म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, हे मला तेव्हा एका जागी कुठेच सापडलं नाही. कागदपत्रांची माहिती एकीकडे, लाकडाची दुसरीकडे, आणि खर्चाबद्दल तर कोणी मोकळेपणाने बोलतच नाही. इंग्लंडात राहणाऱ्या एक-दोन मराठी कुटुंबांनी आमची गाडी बघून चौकशी केली, त्यांच्यासाठी तारखा आणि आकड्यांसकट लिहिते आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. मॉरिस मायनर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. ॲलेक इसिगोनिस यांनी ती आखली. पुढे मिनीही त्यांनीच आखली. कारखाना ऑक्सफर्डच्या काउलीचा, आम्ही राहतो त्या डिडकॉटपासून जवळच. आपली अँबेसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली ती याच घराण्यातली, आणि भारतात ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने विकली गेलेली गाडी तर मुळात मायनरच. ट्रॅव्हलर हे मायनरचं स्टेशन वॅगन रूप. १९५३ पासून १९७१ पर्यंत ते निघत होतं आणि दोन लाखांहून जास्त गाड्या बनल्या. पुढचा भाग नेहमीसारखा पोलादी. दारांच्या मागे मात्र ॲश लाकडाची चौकट, त्या चौकटीत ॲल्युमिनियमचे पत्रे, वर ॲल्युमिनियमचं छत आणि मागे बाजूला उघडणारी दोन दारं.

हे लाकूड शोभेचं नाही, हे पहिल्यांदा मनात पक्कं करावं लागतं. मिनीच्या वॅगनवर दिसणारं लाकूड वरून लावलेलं होतं, काढून टाकलं तरी गाडीचं काही बिघडत नाही. ट्रॅव्हलरचं छत, खिडक्या आणि मागची दारं या चौकटीवर उभी असतात. अमेरिकेतही एके काळी खऱ्या लाकडाच्या वॅगन होत्या. फोर्ड कंपनी मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला स्वतःच्या जंगलातलं लाकूड कापून त्यांची अंगं बनवायची. तिकडे पन्नाशीच्या दशकात खरं लाकूड गेलं आणि लाकडाचं चित्र छापलेला प्लॅस्टिकचा थर आला. ट्रॅव्हलर शेवटच्या गाडीपर्यंत खऱ्या लाकडाची राहिली. म्हणूनच एमओटीचा तपासनीस हे लाकूड चासीइतक्याच गांभीर्याने तपासतो आणि कुजलेलं सापडलं तर गाडी नापास करतो.

ॲश हे झाड आपल्या पारिजातकाच्या आणि जाई-मोगऱ्याच्या कुळातलं. लाकूड चिवट, लवचिक, धक्का सोसणारं. क्रिकेटचे स्टंप याचेच करतात. पण सागासारखं अंगचं तेल त्यात नाही. ओलं राहिलं की ते काही वर्षांत कुजतं. हा एक गुण आणि हा एक दोष लक्षात ठेवला की ट्रॅव्हलरच्या बाबतीतलं पुढचं जवळजवळ सगळं उलगडतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रॉपशरमधल्या एका गावातली जाहिरात दिसली. अर्धवट दुरुस्त, उजवीकडचं लाकूड नवं, डावीकडच्या लाकडाचा संच सोबत, लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) आहे, मागणी ४,६०० पौंड. फोटो छान होते. पण फोटोंवरून मत बनवण्याआधी घरबसल्या दोन गोष्टी करता येतात आणि त्या कराव्यातच. गाडीचा नंबर डीव्हीएलएच्या, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर टाकला की रंग, इंजिनची क्षमता, कराची स्थिती, सॉर्न आहे का हे फुकट दिसतं. सॉर्न म्हणजे गाडी रस्त्यावर नाही, अशी सरकारदरबारी केलेली नोंद. दुसरं म्हणजे एमओटीचा इतिहास. २००५ पासूनचा ऑनलाइन मिळतो, नापास झाल्याच्या कारणांसकट. आमच्या गाडीच्या २०१३ च्या नोंदीत डाव्या मागच्या लाकडाबद्दल सूचना होती आणि २०१४ ला तीच सूचना जास्त कडक शब्दांत होती. बघायला जाताना कुठे वाकायचं हे त्यामुळे आधीच ठरलं. शिवाय १५ पौंड भरून गाडी चोरीची नाही, तिच्यावर कुणाचं कर्ज नाही, याची खात्री करून घेतली.

जायच्या आदल्या रात्री मालवणच्या काकांना फोन लावला. त्यांचं आयुष्य होड्या बांधण्यात गेलं. विचारलं, “काका, लाकूड आतून कुजलंय का हे वरून कसं कळायचं?” काका म्हणाले, “सांदे आधी बघ गो. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकता, पावसाचा पाणी सांद्यात बसला की कुजता.” इंग्लंडात पाणी सगळं पावसाचंच.

११ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, नवरा आणि मी गाडी बघायला गेलो. विकणारे गृहस्थ शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. गुडघे दुखत असल्यामुळे जमिनीवर बसून काम होत नव्हतं, म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली होती. त्यांनी एक वही ठेवली होती. कुठल्या तारखेला काय उघडलं, काय बदललं, कोणता भाग कुठून किती किमतीला आणला, सगळं त्यात होतं, आणि लाकूड बंद करण्याआधी आतल्या पत्र्याचे फोटो चिकटवलेले. त्या वहीने मला गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी जास्त धीर दिला. अर्धवट काम झालेली गाडी विकणाऱ्याकडे असे फोटो आहेत का, हा प्रश्न फोनवरच विचारावा.

याचं कारण सांगते. अशा गाडीत उरलेलं काम डोळ्यांना दिसतं, त्याचा अंदाज काढता येतो. झालेलं काम रंगाखाली, पॉलिशखाली, गाडीच्या पोटाखाली गेलेलं असतं. पैसे आपण त्या झालेल्या कामाचे मोजतो, आणि तपासायचं मात्र उरलेलं तपासत बसतो. आम्ही बहुतेक वेळ नव्या, चकचकीत उजव्या बाजूलाच दिला.

पहिल्यांदा बॉनेट उघडून चासी नंबरची पट्टी. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर ती असते. सुरुवातीला एम, ए, डब्ल्यू आणि ५ अशी खूण हवी. त्यातला डब्ल्यू म्हणजे गाडी जन्मापासून वॅगन आहे. मग तो नंबर लॉगबुकशी अंकन् अंक जुळवला. जुळला. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर डायनॅमोच्या वर रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो, तो जुळेना. वहीत खुलासा होता: मूळ इंजिन गेलेलं, त्याच १०९८ सीसीचं दुसऱ्या मायनरचं इंजिन नव्याने बांधून बसवलेलं, पावती सोबत. पण डीव्हीएलएला कळवायचं राहून गेलं होतं. गाडी नाकारण्यासारखं यात काही नव्हतं, कागदाचं एक काम मात्र वाढलं.

मग लाकूड. विकणाऱ्याला विचारून बोथट स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि जोडांच्या टोकांशी अलगद दाबत गेलो. डावीकडे चाकाच्या कमानीमागची खालची पट्टी बघताक्षणी काळी दिसत होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्यात सहज रुतलं आणि बाहेर आलं ते ओला भुसा घेऊनच. वर सरकत्या काचेच्या खोबणीत हिरवं शेवाळ वाढलेलं. ही खोबण लाकडाला लागूनच, पाणी तिथे साचतं आणि झिरपत खाली येतं. ट्रॅव्हलर बघायला गेलात तर या खोबणीवरून बोट फिरवून बघाच. उजवीकडे नव्या चौकटीत जोड घट्ट बसलेले होते, खालच्या बाजूलाही रंग-तेल पोचलेलं होतं. बरेच जण जमिनीकडचा न दिसणारा भाग कोरडाच सोडतात, म्हणून आडवं पडून आरसा आणि टॉर्च लावून बघितलं. मागची दोन्ही दारं बंद केल्यावर मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी होती. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर चौकट वाकडी चिकटवली आहे, असं समजावं.

पोलादी भागासाठी आम्ही आमच्या नजरेवर विसंबलो नाही. मायनरवरच काम करणारा एक मेकॅनिक १२० पौंड घेऊन पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊन आला. त्याने गाडी उचलून पुढच्या चासीच्या भुजा, दारांखालचा पत्रा, मागच्या कमानपाट्यांचे आधार हातोडीने ठोकून बघितले. नव्या लाकडाच्या बाजूलाच, उजव्या मागच्या पाट्याच्या आधारावर काळ्या डांबरी लेपाचा जाड थर होता आणि त्याखाली गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ मारलेलं. हे वेल्डिंग विकणाऱ्या गृहस्थांनी बाहेरून करून घेतलेलं होतं. त्यांना ऐकून खरोखर वाईट वाटलं. त्यांनी स्वतःहून किंमत खाली आणली. ३,८०० वर व्यवहार ठरला. १२० पौंडांनी ८०० वाचवले म्हणून नाही, तर तो आधार तुटला असता तर काय झालं असतं या विचाराने तो खर्च मला सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो.

त्याच मेकॅनिकने पुढच्या चाकांचे ट्रनियन बघितले. मायनरचं पुढचं चाक स्क्रूसारखे आटे असलेल्या या जोडावर पेललेलं असतं. त्यात नियमित ग्रीस गेलं नाही तर आटे झिजतात आणि चालत्या गाडीचं चाक मोडून बाहेर येतं. आमचे ठीक होते. कोणतीही मायनर घ्या, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

२५ नोव्हेंबरला गाडी आणली. पैसे बँकेतून वळवले, पावतीवर चासी नंबर, तारीख, रक्कम आणि ‘लाकडाच्या डाव्या संचासह’ असं लिहून दोघांनी सह्या केल्या. इथलं लॉगबुक, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी, हे मालकीचा पुरावा नाही. गाडी कुणाच्या जबाबदारीवर आहे एवढंच ते सांगतं आणि तसं त्यावर छापलेलंही असतं. म्हणून ही पावती जपायची. त्यांनी आमच्यासमोरच डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर नवीन नाव नोंदवलं आणि हिरवी चिठ्ठी आम्हाला दिली. गाडीवर कर नाही, विमा नाही, त्यामुळे ती ट्रेलरवरूनच आणायची होती. आम्ही वाहतूकदाराला २२० पौंड दिले. डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, त्यामुळे ज्यांच्याकडे दणकट गाडी आहे त्यांना ट्रेलर भाड्याने घेऊन हे स्वस्तात जमेल.

एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. जुन्या मालकाचं सॉर्न नव्या मालकाला लागू होत नाही. नवं लॉगबुक पोस्टाने आलं त्याच संध्याकाळी त्यावरचा अकरा आकडी क्रमांक टाकून मी आमच्या नावाने सॉर्न केलं. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि न केल्यास दंडाची नोटीस येते.

लगेचच इंजिन नंबरचं काम हाती घेतलं. आपण गाडी घेण्याआधीच इंजिन बदललेलं असेल तर गॅरेजच्या छापील कागदावर तसं लिहून आणावं लागतं. डिडकॉटजवळच्या एका गॅरेजने इंजिनाची पट्टी बघून २५ पौंडांत पत्र दिलं. लॉगबुकवर बदलाची जागा भरून, पत्र जोडून सगळं स्वॉन्सीला डीव्हीएलएकडे पाठवलं. पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला, कारण नवं येईपर्यंत हातात मूळ कागद काहीच नसतो. नाताळचे दिवस आडवे आले आणि नवं लॉगबुक जानेवारीच्या शेवटी उगवलं. ती वाट बघताना जीव टांगणीला लागला होता. फोन केला तर ‘प्रक्रिया चालू आहे’ एवढंच उत्तर मिळायचं. पण आलं ते बिनचूक आलं. कराचा वर्ग ‘हिस्टॉरिक’ आधीपासूनच लागलेला होता. तुमच्या गाडीचा नसेल तर गाडीचा कर भरून घेणाऱ्या पोस्ट ऑफिसात लॉगबुक घेऊन जावं लागतं. वय चाळीस वर्षांच्या पुढे हवं.

गाडी ठेवायला महिना ७५ पौंडांनी एक बंद गाळा घेतला. छप्पर न गळणारा, हवा खेळती असलेला. लाकडाला कोंडलेली ओल चालत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या कापडाखाली अंगणात गाडी ठेवायचा विचारही करू नका.

डावी बाजू बसवायला मी एका सुताराची मदत घेतली, ज्यांनी अशा चौकटी आधी बसवल्या होत्या. १,६०० पौंड ठरले, आणि मी शनिवार-रविवार हाताखाली काम करायचं असंही ठरलं. हे मी मुद्दाम मागून घेतलं, कारण पुढे ही गाडी सांभाळायची मलाच होती.

सुरुवात तोडण्याने होत नाही, टेकू देण्याने होते. छताखाली आतून आडवी फळी आणि तिच्याखाली दोन खांब लावून भार तोलला. मग खिडक्यांच्या काचा, खोबणी, ॲल्युमिनियमचा पत्रा. एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी शाबूत असते म्हणून छताची जागा हलत नाही. जुनी चौकट सुटी करून जमिनीवर जशीच्या तशी मांडून ठेवली. कुजली असली तरी ती टाकून द्यायची नाही. नवीन संचात काही भोकं पाडलेली नसतात, ती कुठे पाडायची हे जुनीवरूनच मोजायचं.

चाकाच्या कमानीवरचा पत्रा उघडा पडला तेव्हा तो साफ केला, गंजरोधक लावला. दाराखालच्या भागात वेल्डिंग आणि उजव्या पाट्याचा तो आधार नवीन करणं, ही दोन्ही कामं लाकूड चढवण्याआधीच उरकली. ६८० पौंड लागले. हा क्रम उलटा करून चालत नाही, वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ नवं लाकूड आणि तेल नको.

नवीन लाकूड आधी गोंदाशिवाय बसवलं. मागची दारंसुद्धा टांगली, उघडून मिटून बघितली, फट मोजली, परत सगळं काढलं. एका कोपऱ्यात केसभर जास्त असलेलं लाकूड सुतारांनी पटाशीने असं खरवडलं की काढलेली सालपटं कागदासारखी उलगडत होती. त्यांनी मला एकच काम वारंवार करायला लावलं: प्रत्येक तुकड्याची कापलेली टोकं वाळवीनाशक-बुरशीनाशक द्रावणात बुडवणं. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. टोक वाटीत बुडवलं की द्रावण वर चढताना रेषारेषांनी दिसतं, आणि ते चढायचं थांबेपर्यंत थांबायचं. ते वाळलं की मग गोंद आणि स्टेनलेसचे स्क्रू. साधे लोखंडी स्क्रू ओल्या ॲशमध्ये गंजतात आणि त्यांच्याभोवती काळे डाग उमटतात.

तेच काळे डाग मागच्या दारांच्या चौकटीवर होते. तिथलं लाकूड मात्र टणक होतं, म्हणून ते बदलायचं नाही असं मी ठरवलं. जुनं वॉर्निश खरवडून काढलं आणि कोमट पाण्यात ऑक्झॅलिक ॲसिड कालवून ब्रशने लावलं. हातमोजे, चष्मा, नाकावर मास्क हे सगळं हवंच. हे ॲसिड विषारी आहे आणि त्याची वाळलेली पूड घासताना उडू द्यायची नाही. स्क्रूभोवतीचा निळसर काळा डाग आधी तपकिरी झाला, मग पिवळट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे लाकडाच्या रेषा वर आलेल्या. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी निवडलेल्या फळीचा मूळ रंग बघून मला फार आनंद झाला. भरपूर पाण्याने धुऊन, आठवडाभर वाळवून मगच वरचा थर द्यायला घेतला. द्रावण, गोंद, तेल, पॉलिश पेपर मिळून १९० पौंड.

डावी बाजू गुढीपाडव्याच्या सुमारास, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उभी राहिली. काकांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी खालची पट्टी कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली, जोड नीट न्याहाळले आणि पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली आहेत का, हे विचारलं. ठेवली होती.

यंत्राच्या कामाबद्दल थोडक्यात. ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या चासीच्या पोकळीत असतो आणि त्याचा बोल्ट काढायला वाटेतला टॉर्शन बार हलवावा लागतो. मजुरीचा अंदाज काढताना हे धरा. भागांचे २६० पौंड झाले. टायर दिसायला नवे होते, पण त्यांचं वय झालेलं होतं, म्हणून नवीन घेतले, २८० पौंड. मायनरच्या विजेत धन बाजू चासीला जोडलेली असते. आजचा मोबाइल चार्जर किंवा रेडिओ विचार न करता जोडला तर तो जळेल. भाग मिळण्याची मात्र चिंता नाही; या गाडीचा मालकसंघ १९७६ पासून आहे आणि जवळजवळ प्रत्येक सुटा भाग अजून नव्याने बनतो.

मे महिन्यात विमा. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. ‘ठरलेली किंमत’ मान्य करून घ्यायची, नाहीतर अपघातानंतर कंपनी बाजारभाव काढते आणि त्यात लाकडाच्या कामाला किंमत मिळत नाही. फोटो, पावत्या आणि त्या गृहस्थांच्या वहीची पानं पाठवली. वर्षाला ३,००० मैलांच्या मर्यादेवर १४८ पौंडांत विमा मिळाला.

चाळीस वर्षांवरच्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही. व्ही-११२ नावाचा फॉर्म भरून तसं जाहीर करता येतं. आम्ही तरी एमओटी केली. दहा वर्षं उभी असलेली, लाकडाची एक अख्खी बाजू बदललेली गाडी तिऱ्हाइताने तपासल्याशिवाय मुलांना तिच्यात बसवायची माझी तयारी नव्हती. आधी वेळ ठरवलेली असेल तर विमा काढून, कर न भरताही एमओटीच्या ठिकाणापर्यंत गाडी चालवत नेता येते. वेळ ठरवल्याचा मेसेज जवळ ठेवावा. फी ५४.८५ पौंड. तपासनीस वयाने मोठे होते. त्यांनी खाली वाकून डावीकडच्या चौकटीचे खालचे जोड एकेक करून दाबले, तेव्हा माझ्या हातांना घाम आला होता. एका दिव्याचा कोन चुकीचा निघाला, तो तिथेच नीट केला. मग प्रमाणपत्र मिळालं.

घरी येऊन ऑनलाइन कर ‘भरला’. रक्कम शून्य असते, पण दरवर्षी हे करावंच लागतं. हिस्टॉरिक वर्गामुळे लंडनच्या युलेझचंही, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शहरात लागणारं, शुल्क नाही. पेट्रोल ई-५ चं, म्हणजे पंपावरचं महाग वालं घ्यायचं. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० आहे आणि त्यातलं जादा इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना खातं.

जून २०२४ अखेरचा हिशेब: गाडी ३,८००, चौकशी १५, तपासणी १२०, वाहतूक २२०, गॅरेजचं पत्र २५, गाळ्याचं आठ महिन्यांचं भाडं ६००, सुतारकाम १,६००, लाकडाचं सामान १९०, वेल्डिंग ६८०, ब्रेक २६०, टायर २८०, विमा १४८, एमओटी ५४.८५. आठ हजार पौंडांच्या किंचित आत. डावीकडच्या लाकडाचा संच गाडीसोबत मिळाला नसता तर यात आणखी मोठी भर पडली असती, तेव्हा जाहिरातीत ‘सुटे भाग सोबत’ असं असेल तर नेमके कोणते याची यादी मागवा आणि भाव करताना ती समोर ठेवा.

आता निगा. ट्रनियनना मी दर हजार मैलांनी ग्रीस देते. काचांच्या खोबणी दर महिन्याला जुन्या टूथब्रशने साफ करते आणि पाण्याची भोकं तारेने मोकळी करते. हिवाळा लागायच्या आत खालच्या पट्ट्यांना आणि जोडांना तेलाचा नवा हात. यंदा सप्टेंबरच्या शेवटी कोरडा आठवडा बघून ते काम धरायचं आहे. ज्यांना लाकडाची तपासणी प्रत्यक्ष बघायची असेल त्यांनी तेव्हा यावं. काचा काढलेल्या असतील आणि एरवी न दिसणारे सगळे जोड उघडे असतील.